नैरोबीच्या बाजारातला डॉक्टर

१८९७ साली मुंबईहून घाटाकडे निघालेली गाडी कल्याणला थांबली की प्रवाशांना खाली उतरवलं जाई. फलाटावर रांग लागे. डॉक्टर कपाळाला हात लावत, नाडी बघत, मग काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपत. अंग गरम लागलं किंवा शंका आली की माणूस छावणीत, बाकीचं कुटुंब फलाटावर. जंक्शन असल्यामुळे इथून एक फाटा नाशिककडे आणि दुसरा पुण्याकडे जातो, म्हणून प्लेगला मुंबईतच कोंडायचं तर कल्याणला अडवायचं, असा सरकारचा हिशोब होता. बायकांची तपासणी हा लोकांच्या रागाचा मोठा विषय होता. त्या रागाचा शेवट पुण्यात २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळीत झाला, हे आपण शाळेत शिकलो.

शाळेत जे शिकलो नाही ते असं की या साथीची सुरुवात एका डॉक्टरपासून झाली होती. सुरुवात म्हणजे रोगाची नव्हे, रोग ओळखण्याची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्रॅक्टिस करणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस एका तापाच्या रोग्याला बघायला गेले आणि हा साधा ताप नाही, गाठीचा प्लेग आहे, असं त्यांनी सांगितलं. व्हिएगस मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. प्लेग हा शब्द उच्चारला की बंदर बंद, व्यापार बंद. त्यामुळे त्यांचं ऐकायला कोणी उत्सुक नव्हतं. तज्ज्ञांच्या चार वेगवेगळ्या तुकड्यांनी खात्री केल्यावर निदान मान्य झालं. तोवर मांडवीच्या गोदामांतून उंदीर पटापट पडू लागले होते. पुढच्या काही महिन्यांत जवळपास निम्मी मुंबई शहर सोडून पळाली, आणि पुढच्या पंचवीसेक वर्षांत या साथीनं हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं नेली. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ ला त्यातच गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनाही १९०५ मध्ये प्लेगनंच नेलं.

व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. पण मला सांगायचं आहे ते त्यांच्याच मुलखातल्या, त्यांच्याहून वयानं लहान असलेल्या दुसऱ्या डॉक्टरबद्दल. त्यानंही एका बाजारपेठेत बसून, दवाखान्यात आलेल्या रोग्याच्या अंगावरची गाठ बघून, नको असलेली बातमी सरकारला दिली. फरक इतकाच की तो बाजार समुद्रापलीकडे, नैरोबीत होता. त्याचं नाव डॉ. रोझेंडो आयरेस रिबेरो.

रिबेरो हे आडनाव माझ्यासारख्या ठाणेकराच्या कानाला परकं नाही. टेंभी नाक्यावरून तलावपाळीकडे चालत निघालं की थोड्याच वेळात सेंट जॉन बाप्तिस्ता चर्च लागतं. ते पोर्तुगीज अमलातलं. आजचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो किल्लाही पोर्तुगीजांनीच बांधायला घेतला होता आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी तो घेतला. ठाणं, वसई, गोवा हा एकाच किनाऱ्याचा भाग आहे आणि पिंटो, फर्नांडिस, रिबेरो ही माणसं त्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहत आली आहेत. दुसरा धागा रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी ठाण्यालाच येऊन थांबली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत हिंदुस्थानात रेल्वे बांधणारी, चालवणारी, तिचे हिशोब ठेवणारी माणसांची एक अख्खी पिढी तयार झाली. आफ्रिकेत लोहमार्ग टाकायचं ठरलं तेव्हा ब्रिटिशांनी हात घातला तो या माणसांना.

युगांडा रेल्वेचं काम १८९६ मध्ये मोंबासाला सुरू झालं. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले, बहुतेक पंजाबातले. त्यांपैकी जवळपास अडीच हजार तिथेच मेले. त्सावो नदीवरच्या पुलाच्या वेळी १८९८ मध्ये दोन सिंहांनी मजुरांना तंबूतून उचलून नेलं ती कथा जगभर गाजली. पण मारणारे खरे हात मलेरिया, जुलाब आणि पायांतल्या चिघळलेल्या जखमांचे होते. सिंहावर पुस्तक निघतं, जुलाबावर निघत नाही. सुरुवातीची काही इंजिनंसुद्धा हिंदुस्थानी रेल्वेत वापरून झालेली होती. मजुरांच्या मागोमाग स्टेशनमास्तर, तारबाबू, कारकून, स्वयंपाकी, शिंपी आणि दुकानदार गेले. गोव्याची माणसं त्यात बरीच होती. लिहिता-वाचता येणारी, पाश्चात्त्य रीतीभाती ठाऊक असलेली, आणि घरी शेती अपुरी पडणारी. गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. तिथून शिकलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोला, तिमोर अशा पोर्तुगीज वसाहतींत पाठवले जात. त्यामुळे समुद्रापार जाऊन डॉक्टरकी करणं हे गोव्याच्या घरांना नवं नव्हतं.

रिबेरो फेब्रुवारी १८९९ मध्ये मोंबासाला उतरले. वय तिशीच्या आतबाहेर. त्याच वर्षी ३० मे रोजी रूळ एका दलदलीच्या माळापर्यंत पोचले. मसाई लोक त्या जागेला थंड पाण्याची जागा म्हणत. पुढे चढ सुरू होत होता, म्हणून रेल्वेनं तिथं मुक्काम टाकला, आणि मुक्कामाचं गाव झालं. हेच नैरोबी. समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर, हवा थंड, पण पावसाळ्यात सगळीकडे चिखल आणि सांडपाण्याला वाट नाही. १९०० मध्ये रिबेरो तिथे आले. सोबत पिंटो नावाचा सहायक होता. दोघांनी बाजाराजवळ एक तंबू ठोकला. तोच दवाखाना, तेच घर. पुढे औषधांची खोकी येत गेली तशी त्या खोक्यांच्या फळ्या जोडून त्यांनी जरा मोठी खोली उभी केली. नैरोबीतला हा पहिला खासगी दवाखाना.

फॅमिली डॉक्टर म्हणजे काय ते टेंभी नाक्यावरच्या माझ्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही. सिव्हिल हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असूनही माणसं आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जात. लाकडी बाक, पडद्यामागे औषध ढवळणारा कंपाउंडर, बाटलीवर डोसांच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी. डॉक्टरला घरात कोण काय खातं, कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाची फी पुढच्या पगारापर्यंत थांबवायची, सगळं माहीत. सरकारी डॉक्टरकडे केस असते, फॅमिली डॉक्टरकडे माणूस असतो. रिबेरोंच्या नैरोबीत सरकारी डॉक्टर होते, रेल्वेचेही होते. पण ते गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आणि नोकरांसाठी. बाजारातल्या वाण्याला, शिंप्याला, सोमाली गुरेवाल्याला, हमालाला रात्री-बेरात्री कोण बघणार? ही माणसं ज्याच्याकडे गेली तो हा गोव्याचा डॉक्टर. त्या काळी तिथं चलन रुपयाचंच होतं, कायदा हिंदुस्थानचाच होता. बाजारात उभं राहिलं तर समुद्र ओलांडल्यासारखं वाटलं नसेल.

आता झेब्रा.

रिबेरो रोगी बघायला झेब्र्यावर बसून जात. ही दंतकथा नाही, त्यांचं झेब्र्यावर बसलेलं छायाचित्र आहे. हॅट, कोट, ताठ पाठ, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांचं जनावर. वस्त्या विखुरलेल्या, रस्ते नाहीत, आणि बाहेरून आणलेले घोडे तिथल्या साथीच्या रोगानं पटापट मरत. झेब्र्याला तो रोग बाधत नाही, म्हणून झेब्रे माणसाळवायचे प्रयत्न त्या काळात बऱ्याच वसाहतवाल्यांनी केले. बहुतेकांना जमले नाहीत, कारण झेब्रा घोड्यासारखा नमत नाही. रिबेरोंना जमलं. पुढे त्यांनी तो झेब्रा मुंबईच्या प्राणिसंग्रहालयाला विकला असं सांगतात. तसं असेल तर नैरोबीच्या चिखलातून रोग्यांच्या दारात गेलेलं ते जनावर भायखळ्याच्या राणीच्या बागेत येऊन उभं राहिलं असणार, आणि आपल्याकडच्या पोरांनी त्याला बोट दाखवलं असणार.

आज रिबेरोंबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात हा झेब्रा सगळ्यात पुढे असतो. मला त्याचं वाईट वाटतं. झेब्र्यामुळे ते गमतीचे गृहस्थ होऊन बसतात आणि १९०२ साल मागे पडतं.

त्या वर्षी त्यांच्याकडे दोन सोमाली रोगी आले. कडक ताप आणि गाठी. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या डॉक्टरला या खुणांचा अर्थ सांगायची गरज नव्हती. रिबेरो निघाले तेव्हा मुंबईत प्लेगला अडीच वर्षं होत आली होती. मुंबई आणि मोंबासा यांच्यामध्ये बोटींची अखंड ये-जा होती. त्यांतून माणसं, तांदूळ, कापड, धान्याची पोती येत, आणि पोत्यांबरोबर उंदीर. मोंबासापासून रूळ थेट बाजारापर्यंत. जो रोग कल्याणच्या फलाटावर रांगा लावून अडवायचा प्रयत्न चालला होता, त्याला जायला दुसरीकडे समुद्र आणि लोहमार्ग दोन्ही मोकळे होते.

रिबेरोंनी निदान केलं आणि अधिकाऱ्यांना कळवलं. इथं क्षणभर थांबायला हवं. बाजारात हा माणूस एकटा नव्हता. आजूबाजूची दुकानं त्याच्या रोग्यांची होती, त्याचं पोट त्या गल्लीवर होतं. कळवल्यावर काय होऊ शकतं हे मुंबईत काय झालं ते ठाऊक असणाऱ्याला कळत होतं: घरात शिपाई शिरणं, सामान बाहेर फेकणं, माणसं उचलून छावणीत नेणं. गप्प बसायला कारणं भरपूर होती. दोन तापाचे रोगी, जंगली मुलूख, मलेरिया लिहून टाकला असता तर कोणी विचारलं नसतं. त्यांनी प्लेग लिहिला.

ब्रिटिश वैद्यकीय अधिकाऱ्यानं बाजार जाळून टाकायचा हुकूम दिला. पत्र्याची, लाकडाची, कापडाची दुकानं. हिंदुस्थानी व्यापाऱ्यांनी दोन-तीन वर्षांत उभं केलेलं सगळं. त्यात रिबेरोंचा दवाखानाही जळाला. ज्या माणसानं रोग ओळखला त्याचीच औषधं, खोकी, खोली आगीत गेली.

हा एका घाबरलेल्या अधिकाऱ्याचा वेडेपणा होता असं समजू नये. त्या काळात जगभर हेच चाललं होतं, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी जळाली ती गोऱ्या नसलेल्यांची वस्ती. जानेवारी १९०० मध्ये होनोलुलूत प्लेगचे रोगी सापडलेली घरं आरोग्य खात्यानं जाळायला घेतली, वारा फिरला आणि चिनी लोकांची अख्खी वस्ती भस्म झाली. हजारो लोक बेघर झाले. १९०१ मध्ये केपटाऊनला प्लेगचं निमित्त करून काळ्या लोकांना शहराबाहेर हलवलं. मार्च १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या हिंदी वस्तीत साथ आली. तिथे वकिली करणारे मोहनदास गांधी कुलूप तोडून उघडलेल्या एका रिकाम्या घरात ठेवलेल्या रोग्यांची शुश्रूषा करत होते, हे त्यांच्या आत्मचरित्रात आहे. मग त्या वस्तीतल्या लोकांना माळावर तंबूत नेलं आणि वस्तीला आग लावली. नैरोबीची आग या साखळीतली आहे.

यातली दुखरी बाब अशी की आगीनं प्लेग जातो हे तेव्हाही सिद्ध झालेलं नव्हतं. प्लेगचा जंतू येर्सिननं १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. तो उंदरावरच्या पिसवेतून माणसाकडे येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं होतं. पण त्याच्यावर विश्वास ठेवायला वैद्यकाच्या जगाला आणखी आठ-दहा वर्षं लागली. घर पेटलं की उंदीर आत बसून राहत नाहीत, शेजारच्या गल्लीत पळतात. शास्त्रज्ञ हाफकिनची प्लेगवरची लस मुंबईत जानेवारी १८९७ मध्येच तयार झाली होती. त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. व्हिएगसनी मुंबईत सुमारे अठरा हजार लोकांना टोचली असं नोंदलेलं आहे. म्हणजे दुसरा रस्ता होता. तो धीराचा आणि घरोघर जाण्याचा होता, फॅमिली डॉक्टरचा होता. काडी लावणं सोपं होतं.

नैरोबीत या आगीचा धूर बरीच वर्षं राहिला. हिंदुस्थान्यांची वस्ती म्हणजे घाण आणि घाण म्हणजे रोग, हे समीकरण गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हातात आयतं मिळालं. दलदलीच्या जागेवर शहर वसवायचं रेल्वेनं ठरवलं होतं, गटारं सरकारनं बांधली नव्हती, पण दोष बाजाराच्या माथी आला. १९१३ च्या सुमारास प्रोफेसर सिम्प्सन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या शहरांच्या आरोग्यावर अहवाल दिला. त्यात गोरे, आशियाई आणि आफ्रिकन यांच्या वस्त्या वेगळ्या असाव्यात अशी शिफारस होती. शहराचे तसे भाग पडले: टेकडीवरची थंड, मोकळी जागा गोऱ्यांची, बाजार आणि त्यापलीकडचा भाग हिंदुस्थान्यांचा, आणि आफ्रिकन लोकांना कडेच्या वस्त्या. एका डॉक्टरनं प्रामाणिकपणे केलेलं निदान अशा रीतीनं दुसऱ्यांच्या हातात भिंत बांधायची वीट झालं. यात रिबेरोंचा दोष नाही. पण हे वगळून त्यांचा गौरव केला तर त्या बाजारात ज्यांची दुकानं जळाली त्यांच्यावर अन्याय होईल.

सरकारनं रिबेरोंना मात्र स्टेशनजवळ १६ एकर जागा दिली. कोणी ती बक्षिसी म्हणतं, कोणी भरपाई. वाढत्या शहरात ती जागा पुढे सोन्याची झाली, आणि तंबूत राहणारा डॉक्टर श्रीमंत झाला. मलेरियावर त्यांनी स्वतःची एक गोळी तयार केली होती. ती इतकी चालली की तिचे हक्क एका औषध कंपनीनं विकत घेतले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला, १९१४ मध्ये, ते नैरोबीत पोर्तुगालचे उपवाणिज्यदूत झाले आणि काही वर्षं त्या पदावर राहिले. गोव्याची माणसं कागदोपत्री पोर्तुगीज प्रजा. कोणाला पासपोर्ट, कोणाला जन्माचा दाखला, कोणाच्या मरणाची खबर घरी कळवायची. काल ज्याच्याकडे ताप घेऊन जायचं त्याच्याकडेच आज कागद घेऊन जायचं. ब्रिटिश सरकारनं त्यांना ओ.बी.ई. हा किताब दिला.

नैरोबीतला गोवेकर समाज तोवर चांगला रुजला होता. शाळांचीही वंशावर वाटणी झालेली असल्यामुळे आपल्या मुलांची सोय ज्यानं त्यानं आपणच करायची होती. गोवेकर मुलांची शाळा उभी राहिली ती रिबेरोंच्या देणगीतून, आणि तिला त्यांचंच नाव दिलं: डॉ. रिबेरो गोवन स्कूल. रिबेरो १९५१ मध्ये वारले. तोवर हे गाव राजधानीचं शहर झालं होतं. ज्या बाजारात ते तंबू ठोकून बसले होते तिथे दगडी इमारती होत्या, आणि त्यांची शाळा शिकून बाहेर पडणाऱ्या कारकून, शिक्षक, परिचारिका, डॉक्टरांच्या तुकड्या तयार करत होती.

केनिया १२ डिसेंबर १९६३ ला स्वतंत्र झाला. त्याच देशाच्या लढ्यात पिओ गामा पिंटो हा नैरोबीत जन्मलेला गोवेकर तुरुंगात गेला होता. स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांच्या आत, २४ फेब्रुवारी १९६५ ला, त्याच्या घरासमोर त्याला गोळ्या घातल्या. पुढच्या काही वर्षांत नोकऱ्या आणि परवाने स्थानिक नागरिकांना देण्याचं धोरण आलं, आणि १९६७-६८ पासून हिंदुस्थानी आणि गोवेकर कुटुंबं मोठ्या संख्येनं ब्रिटन-कॅनडाकडे निघाली. साठ-सत्तर वर्षांपूर्वी पेट्या घेऊन जे मोंबासाला उतरले होते त्यांच्या नातवंडांनी पुन्हा पेट्या भरल्या. शाळेच्या नावातला गोवन शब्द गेला आणि सगळ्या मुलांसाठी तिचे दरवाजे उघडले.

त्या शाळेचे माजी विद्यार्थी टोरांटोला, लंडनला, गोव्यात एकत्र जमतात आणि शाळेच्या नावाच्या निमित्तानं डॉक्टरांचं नाव घेतात. झेब्र्याचा फोटो तिथेही निघतोच. माझी एवढीच इच्छा आहे की त्या फोटोखाली १९०२ हे साल आणि त्या वर्षी जळालेल्या दवाखान्याची एक ओळ छापली जावी. आणि आपल्याकडे प्लेगचा इतिहास शिकवताना रँड आणि चापेकरांच्या धड्याशेजारी मांडवीचे व्हिएगस आणि नैरोबीचे रिबेरो या दोन डॉक्टरांना एक पान मिळावं.